विश्लेषण : एमआरआय ‘नॉर्मल’, तरी फिटचे झटके थांबेनात... मेंदूच्या नकाशात एका मिलिमीटरला इतके महत्त्व का?

देशी बनावटीची एमआरआय यंत्रे रुग्णालयांत येऊ लागल्याने ही तपासणी जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचण्याची आशा निर्माण झाली आहे. पण मेंदूच्या बाह्यस्तराचा अचूक नकाशा हवा असेल, तर यंत्र किती टेस्लाचे आहे याइतकाच आणखी एक आकडा महत्त्वाचा ठरतो. तो फिल्मच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि तो सहसा कुणी वाचत नाही.

चंदगडसारख्या तालुक्यातून मेंदूच्या एमआरआयसाठी निघालेल्या रुग्णासमोर बहुतेक वेळा दोन वाटा असतात. कोल्हापूर शंभरहून अधिक किलोमीटरवर. बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर, पण राज्याच्या सीमेपलीकडे. गाडीभाडे, बुडालेला रोजगार आणि तपासणीचे शुल्क एवढे सगळे सोसून हाती मोठी फिल्म आणि दोन पानांचा अहवाल येतो. अहवालात ‘दोष आढळला नाही’ असे लिहिलेले असेल तर घरच्यांना हायसे वाटते. मात्र फिटचे झटके सुरूच राहिले, तर तोच ‘नॉर्मल’ शब्द पुढच्या उपचारांची वाट अडवू शकतो. कारण एमआरआयमध्ये न दिसणे आणि मेंदूत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातील अंतर कधी कधी अवघ्या चार मिलिमीटरचे असते. ते कसे, हे समजून घेऊ.

हा विषय आताच चर्चेत का?

भारतात एमआरआय यंत्रे आजवर प्रामुख्याने आयात होत आली. हे चित्र बदलू लागले आहे. बंगळूरुच्या व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीने बनवलेल्या १.५ टेस्लाच्या देशी यंत्राचे अनावरण केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये केले. त्यानंतर या कंपनीचे यंत्र महाराष्ट्रातच, चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसवण्यात आले. दुसरीकडे, मुंबईत पवईच्या आयआयटी परिसरात मुख्यालय असलेल्या ‘समीर’ या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेनेही १.५ टेस्लाचे यंत्र विकसित केले. त्याच्या चाचण्यांसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सबरोबर सामंजस्य करार झाला.

यंत्रे स्वस्त झाली आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत आली, तर चंदगड, आजरा, गडहिंग्लज पट्ट्यातील रुग्णांची पायपीट कमी होईल, हे उघड आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. जवळ आलेल्या यंत्रातून निघणारी प्रतिमा कोणत्या कामाची असेल?

व्हॉक्सेल म्हणजे काय?

मोबाइलवरचा फोटो चौकोनी ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा बनलेला असतो. एमआरआय मात्र मेंदूचे सपाट चित्र न काढता त्याच्या आतली जागा मोजतो. म्हणून इथला ठिपका चौकोनी नसून घनाकृती असतो. त्याला लांबी, रुंदी आणि जाडी असते. हा घनाकृती ठिपका म्हणजे व्हॉक्सेल. बंगळूरुच्या कंपनीच्या नावातला ‘व्हॉक्सेल’ तो हाच.

एका व्हॉक्सेलच्या आत जे काही असेल, त्या सगळ्याचा मिळून यंत्र एकच आकडा देते. हे समजण्यासाठी चंदगड तालुक्याचे उपग्रह चित्र डोळ्यांसमोर आणा. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर बाय ३० मीटरचा चौकोन. त्या चौकोनात काजूची बाग, शेजारची पायवाट आणि पलीकडचा भाताचा तुकडा असे तिन्ही आले, तर ठिपक्याला तिन्हींचा मिळून एकच रंग मिळतो. पायवाट तिथे असते, पण चित्रात नसते. मेंदूच्या एमआरआयमध्येही नेमके असेच घडते. एकाच व्हॉक्सेलमध्ये करडा भाग, पांढरा भाग आणि मेंदूभोवतीचे पाणी आले की तिन्हींची सरासरी उमटते आणि त्यांच्यातली सीमा पुसली जाते.

मेंदूच्या बाह्यस्तराचा नकाशा कशासाठी?

मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराला कॉर्टेक्स म्हणतात. हालचाल, स्पर्श, दृष्टी, भाषा, स्मरण, निर्णय अशा कामांत या थराचा मोठा वाटा असतो. एखादी मोठी वाकळ लहान पेटीत कोंबावी तसा हा थर कवटीच्या आत घड्या पडून बसलेला असतो. तो पसरला तर साधारण ४५ सेंटीमीटर लांब-रुंद कापडाएवढा होईल. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग घड्यांच्या आत लपलेला असतो.

या ‘वाकळे’ची जाडी सरासरी अडीच मिलिमीटर आहे. काही ठिकाणी ती चार मिलिमीटरच्या पुढे जाते, तर काही ठिकाणी दीड मिलिमीटरच्या आसपास उतरते. तिच्या जाडीतला बदल अनेक आजारांबद्दल बरेच काही सांगतो. अल्झायमरमध्ये स्मरणाशी संबंधित भागांत हा थर पातळ होत जातो. अपस्माराच्या काही रुग्णांत एखाद्या घडीच्या तळाशी तो गरजेपेक्षा जाड असतो किंवा करड्या आणि पांढऱ्या भागातली सीमा धूसर असते.

या थराचा नकाशा काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. जर्मन शास्त्रज्ञ कोर्बिनियन ब्रॉडमन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना पाहून १९०९ मध्ये मेंदूच्या भागांना क्रमांक दिले. डॉक्टर आजही ते वापरतात. अमेरिकेतील ‘ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट’च्या माहितीवरून २०१६ मध्ये जिवंत माणसांच्या एमआरआयवर आधारित नवा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागात १८० विभाग दाखवले आहेत. त्यासाठी मेंदूच्या रचनेचे जे स्कॅन घेतले, त्यांतला व्हॉक्सेल ०.७ मिलिमीटरचा होता.

एक मिलिमीटरच का?

हिशेब साधा आहे. मोजायची वस्तू अडीच मिलिमीटर जाड असेल, तर मापाची खूण तिच्यापेक्षा लहान हवी. व्हॉक्सेल एक मिलिमीटरचा असेल तर थराच्या जाडीत दोन-तीन व्हॉक्सेल बसतात. कडा कुठे सुरू होते आणि कुठे संपते याचा अंदाज येतो. व्हॉक्सेल पाच मिलिमीटर जाडीचा असेल तर अख्खा थर त्यात बुडून शिवाय पांढरा भागही आत येतो.

म्हणूनच १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बाह्यस्तराचा नकाशा काढणाऱ्या संगणक प्रणालींनी एक मिलिमीटरचा घन हे आपले मूलभूत माप मानले. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टच्या संशोधकांनी त्याहून कडक निकष सुचवला. थर जिथे सर्वांत पातळ, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटरचा असतो, त्याच्या निम्मा व्हॉक्सेल असावा. हा आकडा येतो ०.८ मिलिमीटर. पण संशोधनासाठीचा निकष आणि रुग्णालयातली गरज यांत फरक आहे. रुग्णालयासाठी एक मिलिमीटर हा गाठता येण्याजोगा पल्ला आहे.

फिल्म तर स्वच्छ दिसते, मग अडचण कुठे?

नेहमीच्या तपासणीत मेंदूचे काप साधारण पाच मिलिमीटर जाडीचे घेतले जातात. दोन कापांमध्ये थोडी मोकळी जागाही सोडतात. प्रत्येक कापावर मात्र ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असू शकतो. त्यामुळे समोरून पाहताना चित्र एकदम रेखीव दिसते.

आता हा व्हॉक्सेल मोजून पाहू. ०.५ गुणिले ०.५ गुणिले ५ म्हणजे १.२५ घन मिलिमीटर. एक मिलिमीटरच्या घनाचे आकारमान एक घन मिलिमीटर. म्हणजे दोन्ही व्हॉक्सेल जवळपास सारख्याच आकारमानाचे. तरीही एक व्हॉक्सेल फाशासारखा आहे आणि दुसरा आगपेटीतल्या काडीसारखा. काडीच्या टोकाकडून पाहिले तर ती बारीक दिसते, आडवी पाहिली तर लांबलचक. मेंदूच्या घड्या सगळ्या दिशांना वळलेल्या असतात. जी घडी कापाला काटकोनात आहे ती नीट दिसते, जी तिरपी आहे ती काडीच्या लांबीत विरून जाते. असा स्कॅन संगणकावर बाजूने फिरवून पाहिला, तर मेंदूऐवजी जिन्याच्या पायऱ्या दिसतात.

इथे एक खुलासा गरजेचा आहे. पाच मिलिमीटरचे काप चुकीचे नसतात. पक्षाघात, रक्तस्राव, मोठी गाठ, मेंदूतील पाणी वाढणे अशा बाबतींत ते पुरेसे असतात आणि तिथे लवकर निदान होणे जास्त महत्त्वाचे असते. अडचण येते ती हाच साचा प्रत्येक रुग्णाला लावला जातो तेव्हा.

दुसरी गफलत फुगवलेल्या प्रतिमेची. व्हॉट्सॲपवर आलेला धूसर फोटो दोन बोटांनी मोठा केला म्हणून त्यातली अक्षरे वाचता येत नाहीत. एमआरआयमध्येही मोजलेल्या ठिपक्यांच्या मधे गणिताने नवे ठिपके भरता येतात. चित्र गुळगुळीत दिसते, माहिती तेवढीच राहते. म्हणून पडद्यावरचा ठिपका किती लहान आहे यापेक्षा यंत्राने प्रत्यक्षात किती लहान जागा मोजली, हे पाहावे लागते.

मग अर्ध्या मिलिमीटरचा स्कॅन का काढत नाहीत?

कारण भौतिकशास्त्र त्याची किंमत वसूल करते. एमआरआयमध्ये संदेश येतो तो शरीरातील पाण्यातल्या हायड्रोजनकडून. व्हॉक्सेलची प्रत्येक बाजू निम्मी केली की त्याचे आकारमान आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजे संदेशही आठपट क्षीण होतो, पण यंत्रातला गोंगाट तसाच राहतो. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढली तर गोंगाट कमी होतो. पण तो वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. आठपट घट भरून काढायला आठचा वर्ग, म्हणजे ६४ पट वेळ लागतो. एक मिलिमीटरचा स्कॅन पाच मिनिटांत होत असेल, तर तितक्याच दर्जाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या स्कॅनला पाच तास २० मिनिटे लागतील.

इतका वेळ डोके स्थिर कोण ठेवणार? श्वास, गिळणे, खोकला यांमुळे डोके किंचित हलतेच. लहान मुले आणि वृद्ध यांच्याबाबत तर हा प्रश्न अधिक बिकट. शिवाय हालचालीचा परिणाम फक्त धूसरपणापुरता नसतो. डोके हलले की संगणकाने मोजलेली थराची जाडी प्रत्यक्षापेक्षा कमी येते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजे चुळबुळ करणाऱ्या रुग्णाचा मेंदू विनाकारण ‘पातळ’ ठरू शकतो.

यावर एक उपाय म्हणजे चुंबकाची ताकद वाढवणे. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या साक्ले येथे ११.७ टेस्लाचे ‘इझल्ट’ हे यंत्र आहे. मानवी मेंदूच्या त्याच्या पहिल्या प्रतिमा एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाल्या. एक मिलिमीटर जाडीच्या कापावर ०.२ मिलिमीटरचा ठिपका, तोही अवघ्या चार मिनिटांत. पण या यंत्राचा चुंबक १३२ टनांचा आहे आणि त्याला थंड ठेवायला ७,५०० लिटर द्रव हेलियम लागतो. जिल्हा रुग्णालयात असे यंत्र येण्याचा प्रश्नच नाही. आणि या लेखाचा मुद्दाच हा आहे, की त्याची गरजही नाही.

स्कॅनवरून नकाशा तयार कसा होतो?

यासाठी जगभर वापरली जाणारी ‘फ्रीसर्फर’ ही प्रणाली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलशी संलग्न केंद्रात ब्रूस फिशल, अँडर्स डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. तिची पायाभूत पद्धत १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती संशोधनासाठी मोफत उपलब्ध आहे.

प्रणाली आधी कवटी बाजूला काढते, मग पांढरा भाग ओळखते. त्या भागावर लहान लहान त्रिकोणांची जाळी विणली जाते. मेंदूच्या एका अर्ध्या भागावर या जाळीचे लाखाहून अधिक बिंदू असतात. मग ही जाळी बाहेरच्या दिशेने ढकलत करड्या थराच्या वरच्या कडेपर्यंत नेतात. आतली आणि बाहेरची जाळी यांतले अंतर म्हणजे त्या जागेची जाडी. शेवटी घड्या फुग्यासारख्या फुगवून सपाट करतात, म्हणजे दरीत लपलेला भागही नजरेस पडतो.

सीमेवरच्या व्हॉक्सेलचा करडेपणा किती आहे यावरून प्रणाली सीमा व्हॉक्सेलच्या आत नेमकी कुठे असेल याचा अंदाज बांधते. त्यामुळे एक मिलिमीटरच्या व्हॉक्सेलमधूनही त्याहून लहान फरक पकडता येतो. पण त्यासाठी व्हॉक्सेल तिन्ही बाजूंनी सारखा हवा. पाच मिलिमीटरच्या काडीत हे गणित कोलमडते. लगतच्या दोन घड्यांच्या मधली पाण्याची बारीक फट दिसत नाही आणि संगणक दोन घड्यांना एकच समजून बसतो.

एक मिलिमीटरच्या अशा संपूर्ण स्कॅनमध्ये साधारण १ कोटी १५ लाख व्हॉक्सेल असतात. संगणकात त्यांना लागणारी जागा सुमारे २३ एमबी. म्हणजे मोबाइलवर पाठवलेल्या एखाद्या छोट्या व्हिडिओएवढी.

अपस्माराच्या रुग्णाला याचा उपयोग काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे. भारतातील रुग्णसंख्या एक कोटीहून अधिक असल्याचे मानले जाते. योग्य औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. उरलेल्यांत योग्य निवडलेली दोन औषधे नीट घेऊनही झटके थांबत नाहीत. याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणतात. यातल्या काहींसाठी शस्त्रक्रिया हा पर्याय असतो. भारतात तो नवा नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होत आहेत. महाराष्ट्रातही मुंबई-पुण्यात त्या केल्या जातात.

पण शल्यविशारदाला मेंदूतली नेमकी जागा हवी असते. एमआरआयमध्ये दोष दिसला, तर शस्त्रक्रियेनंतर झटक्यांतून मुक्त होण्याची शक्यता दोष न दिसलेल्या रुग्णांच्या तुलनेत सुमारे अडीच पट असते. या दोषांपैकी ‘फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसिया’ हा एक महत्त्वाचा आणि हुलकावणी देणारा. गर्भात मेंदू घडतानाच बाह्यस्तराचा एखादा तुकडा वेगळा घडतो. १९७१ मध्ये त्याचे पहिल्यांदा सविस्तर वर्णन झाले. कधी तो एकाच घडीच्या तळाशी असतो, काही मिलिमीटरचा. जाड कापांत तो सहज निसटतो.

म्हणून आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ‘हार्नेस’ नावाची कार्यपद्धती सुचवली. त्यात मुख्यतः तीन स्कॅन आहेत. दोन त्रिमितीय, एक मिलिमीटरच्या घनाचे आणि मधे जागा न सोडता घेतलेले. तिसरा स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागासाठी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच्या पुढचे पाऊल पडले. लंडनच्या किंग्ज कॉलेज आणि युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘मेल्ड’ या प्रकल्पाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित एक साधन जाहीर केले. जगभरातील २३ केंद्रांतील १,१८५ जणांच्या एमआरआयवर ते आधारलेले आहे. डॉक्टरांच्या नजरेतून आधी सुटलेल्या दोषांपैकी ६४ टक्के या साधनाने शोधले. हे साधन फिल्म पाहत नाही. ते वर सांगितलेली त्रिकोणांची जाळी, म्हणजे बाह्यस्तराचा नकाशा वाचते. अर्थात ते दाखवते ती प्रत्येक जागा सदोष असतेच असे नाही. अंतिम निर्णय ईईजी, झटक्यांचे स्वरूप आणि तज्ज्ञांची पाहणी यांवरूनच होतो. पण नकाशाच नसेल, तर हे साधन मुळात वापरताच येत नाही.

नव्या देशी यंत्रांची १.५ टेस्लाची ताकद पुरेशी आहे का?

तीन टेस्लाच्या यंत्रात संदेश साधारण दुप्पट ताकदीचा मिळतो. त्यामुळे शक्य असेल तिथे अपस्मारासाठी तीन टेस्लालाच पसंती दिली जाते. पण १.५ टेस्लावर नकाशा निघत नाही, हा समज चुकीचा आहे. अल्झायमरवरील जगातला सर्वांत प्रसिद्ध एमआरआय अभ्यास म्हणजे अमेरिकेतील ‘ॲडनी’. त्याच्या पहिल्या टप्प्यात १.५ टेस्लाची यंत्रे आणि १.२ मिलिमीटर जाडीचे काप वापरले होते. बाह्यस्तर कसा पातळ होत जातो याविषयीचे कितीतरी निष्कर्ष त्यातूनच निघाले.

याचा अर्थ स्पष्ट आहे. १.५ टेस्लाच्या यंत्रावर काळजीपूर्वक घेतलेला एक मिलिमीटरचा त्रिमितीय स्कॅन, तीन टेस्लावर घाईत घेतलेल्या पाच मिलिमीटरच्या कापांपेक्षा नकाशासाठी जास्त उपयोगी आहे. आणि या स्कॅनला लागणारा जादा वेळ साधारण पाच ते सात मिनिटांचा.

मग तो नेहमी का घेतला जात नाही? कारण साधारणपणे तपासणीचा दर अवयवानुसार आणि कॉन्ट्रास्ट दिले की नाही त्यानुसार ठरतो. काप किती जाडीचे घेतले, याचा दराशी संबंध नसतो. बाहेर रुग्णांची रांग असते. दिवसाला १५ तपासण्या होत असतील तर प्रत्येकी सहा मिनिटे म्हणजे दीड तास. शिवाय पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अनेकदा फक्त ‘एमआरआय ब्रेन’ एवढेच लिहिलेले असते. फिट येते, कधीपासून येते, कोणत्या बाजूला आधी झटका येतो, हे तंत्रज्ञापर्यंत पोहोचतच नाही.

संगणकाने जाड काप सुधारता येत नाहीत का?

काही प्रमाणात येतात. जाड कापांवरून एक मिलिमीटरचा स्कॅन तयार करणारी ‘सिंथएसआर’सारखी साधने उपलब्ध आहेत. जुन्या, पडून असलेल्या हजारो स्कॅनचा संशोधनासाठी उपयोग करताना त्यांची मदत होते. मात्र ही साधने आधी शिकलेल्या मेंदूंवरून ‘इथे काय असायला हवे’ याचा अंदाज भरतात. सर्वसाधारण मेंदूत जे असते ते त्यांना चांगले जमते. अपस्माराच्या रुग्णात शोधायचे असते ते मात्र सर्वसाधारण नसलेले. जे मोजलेच गेले नाही ते संगणकाने भरून काढले, तर त्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येत नाही.

रुग्णाच्या मेंदूची तुलना कोणाच्या मेंदूशी?

एखाद्या जागी थर जाड आहे की पातळ, हे ठरवायला निरोगी मेंदूंचे प्रमाण लागते. सर्वाधिक वापरला जाणारा प्रमाण साचा कॅनडातील माँट्रियल येथे १५२ तरुणांच्या स्कॅनवरून बनला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने श्री चित्रा संस्थेच्या सहकार्याने १०० निरोगी भारतीय तरुणांवरून असा साचा तयार केला आणि २०१९ मध्ये जाहीर केला. भारतीय मेंदूची सरासरी लांबी, रुंदी आणि उंची पाश्चात्त्य साच्यापेक्षा कमी असल्याचे त्यात दिसले. याचा बुद्धिमत्तेशी संबंध नाही. पण मोजपट्टी वेगळी हवी, एवढे नक्की. पुढे २०२० मध्ये निम्हान्सच्या संशोधकांनी सहा ते ६० वर्षे वयाच्या भारतीयांसाठी वयोगटानुसार पाच साचे प्रसिद्ध केले.

वयाचा मुद्दाही तितकाच मोलाचा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात एक लाखाहून अधिक लोकांचे सुमारे १ लाख २४ हजार स्कॅन एकत्र केले गेले. त्यानुसार बाह्यस्तराची सरासरी जाडी वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असते आणि पुढे हळूहळू कमी होते. म्हणून दहा वर्षांच्या मुलाची तुलना पंचविशीतल्या तरुणाशी करून चालत नाही. ग्रामीण भारताचे प्रमाण तयार करण्याचे काम बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरातील मेंदू संशोधन केंद्राने हाती घेतले आहे. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर तालुक्यातील ४५ वर्षांवरील ग्रामस्थांचा त्यात दीर्घकालीन अभ्यास होत आहे. महाराष्ट्रातील तालुक्यांतून एक मिलिमीटरचे स्कॅन साठत गेले, तर अशा प्रमाणांत इथल्या माणसांचीही भर पडेल. आज जाड कापांच्या स्वरूपात जे साठते आहे, त्याचा या कामी फारसा उपयोग नाही.

रुग्णाने आणि नातेवाइकांनी काय विचारावे?

प्रत्येक डोकेदुखीला हा स्कॅन लागत नाही. मात्र दोन औषधे नियमित घेऊनही फिट येत असेल आणि आधीचा एमआरआय नॉर्मल असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना पुढील गोष्टी विचारायला हव्यात.

- आधीच्या स्कॅनमध्ये कापांची जाडी किती होती? फिल्मवर किंवा सीडीतल्या माहितीत ती नोंदलेली असते.
- अपस्मारासाठीच्या कार्यपद्धतीनुसार, एक मिलिमीटरचा त्रिमितीय स्कॅन घेतला होता का?
- पुन्हा एमआरआय करायचा असेल, तर चिठ्ठीवर अपस्माराचा उल्लेख आणि संशयित बाजू लिहून मिळेल का?
- फिल्मबरोबर डायकॉम स्वरूपातील सीडी किंवा पेन ड्राइव्ह मिळेल का? फिल्मच्या फोटोवरून नकाशा निघत नाही. मूळ माहिती हाती असेल, तर पुण्या-मुंबईतल्या तज्ज्ञांना दाखवण्यासाठी पुन्हा स्कॅन करावा लागेलच असे नाही.

तपासणीच्या वेळी डोके न हलवणे हे रुग्णाच्या हातातले आहे. शेवटच्या पाच मिनिटांतली चुळबुळ आधीच्या सगळ्या खर्चावर पाणी फिरवू शकते.

धोरणात काय बदलायला हवे?

अपस्माराचा फटका शरीरापुरता राहत नाही. शाळा सुटते, वाहन चालवता येत नाही, लग्नाच्या बोलण्यात आजार लपवला जातो. विवाह रद्द करण्यासाठी अपस्माराचे कारण पुढे करण्याची कायद्यातली तरतूद १९९९ मध्ये काढून टाकण्यात आली. गावागावांतली भीती मात्र पूर्णपणे गेलेली नाही. ज्यांचा आजार शस्त्रक्रियेने आटोक्यात येऊ शकतो, त्यांना हे सगळे वर्षानुवर्षे सोसावे लागणे हा सर्वांत मोठा तोटा आहे.

देशी यंत्रांमुळे सरकारी खरेदीला आता वेग येईल. त्या वेळी निविदेत टेस्लाचा आकडा आणि यंत्राची किंमत असेलच. त्याच कागदावर आणखी तीन ओळी घालता येतील. अपस्मार आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी एक मिलिमीटरचा त्रिमितीय स्कॅन बंधनकारक असावा. त्याला लागणाऱ्या जादा वेळेचा मोबदला दरपत्रकात असावा. आणि प्रत्येक रुग्णाला मूळ डिजिटल माहिती विनाशुल्क मिळावी. या तीन ओळींसाठी नवा चुंबक लागत नाही की नवी इमारत. खासगी केंद्रांशी करार करतानाही त्या तशाच लागू करता येतील.

चंदगडहून बेळगाव किंवा कोल्हापूर गाठणाऱ्या रुग्णाचा संपूर्ण दिवस एका तपासणीसाठी खर्ची पडतो. त्यात पाच-सात मिनिटांची भर पडली तर त्याच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. ती मिनिटे दिली गेली नाहीत, तर मात्र त्याला तोच प्रवास पुन्हा करावा लागू शकतो.